मूळचे कुठले?

मुंबईहून आसनगावला जायचे म्हणजे हातात एखादे जाड पुस्तक हवे, नाही तर शेजारी एखादा बोलका गृहस्थ हवा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंतर सुमारे ८६ किलोमीटर आणि लोकलने वेळ दोन तासांच्या थोडा इकडे किंवा तिकडे. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कर्जतकडे जातो. त्याच्या नशिबी नेरळ, माथेरान आणि हौशी मंडळींचे फोटो. दुसरा कसाऱ्याकडे जातो. त्याच्या वाटेला सहलीची माणसे कमी आणि नोकरीची जास्त. टिटवाळ्याला गणपतीचे भक्त उतरतात आणि मंगळवार असेल तर अर्धा डबा मोकळा होतो. पुढे खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. स्टेशन म्हणून हे पुष्कळ जुने आहे. १८५५ साली रूळ वासिंदपर्यंत आले होते. ते आसनगावला पोहोचायला १८६० साल उजाडले आणि पुढल्याच वर्षी कसारा गाठला गेला.

आसनगावला मुद्दाम जाणारे लोक दोन प्रकारचे. एक माहुलीचा किल्ला चढायला येणारे. पाठीवर पिशवी, पायात भक्कम बूट आणि पहाटेच्या गाडीतही न आवरणारा उत्साह. दुसरे माझ्यासारखे, म्हणजे ज्यांची बहीण, मेहुणा किंवा जुना शेजारी इथे राहायला आला आहे असे. हा दुसरा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार वाढला आहे. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि त्या खोल्यांतली माणसे रुळांच्या कडेकडेने उत्तरेला सरकत गेली. डोंबिवली भरली, बदलापूर-टिटवाळा भरले, आणि आता वासिंद-आसनगावला भाताच्या खाचरांना लागून सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. सकाळी गॅलरीत उभे राहिले की एका बाजूला माहुलीचे सुळके दिसतात आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. त्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा, वजीर अशी नावे आहेत. लग्नाचे एवढे वऱ्हाड डोक्यावर असताना गावाला एकटे वाटायचे कारण नाही.

या इमारतींत दोन माणसे जिन्यात भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" आमच्या लहानपणी चाळीत हा प्रश्न नवा भाडेकरू आला तरच विचारला जाई. इथे सगळेच नवे, त्यामुळे सगळेच सगळ्यांना विचारतात. मग संगमेश्वर, जुन्नर, सिन्नर, आझमगड, मंगळूर अशी उत्तरे येतात. चाळीस वर्षे परळला काढलेला माणूस "परळचा" म्हणत नाही. आणि दहा वर्षे आसनगावात राहून "आसनगावचा" म्हणवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

माझी थोरली बहीण अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. या पावसाळ्यात मी तिच्याकडे चांगला पंधरवडाभर राहिलो. श्रावणातले आसनगाव पाहण्यासारखे असते. स्टेशनबाहेर आसपासच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसलेल्या असतात. टाकळा, कुर्डू, कंटोळी. मुंबईत याच कंटोळ्यांना जो भाव पडतो तो ऐकून विकणारीलाच हसू येते. इथून रिक्षाने शहापूरला गेले की तालुक्याचा बाजार, एस.टी.चे स्थानक, भारंगी नदी आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरची अव्याहत वाहतूक. तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात. तानसाचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आली आहे, आणि भातसा तर आज मुंबईची सर्वांत मोठी तहान भागवते. उन्हाळ्यात मात्र याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी जिथे पडते तिथले ते असतेच असे नाही, हे शहापूरच्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मी पोहोचलो त्या दिवशी घरात थोडे ढगाळच होते. ताईचा मुलगा टोरोंटोला असतो. गेली नऊ वर्षे तिथे आहे, बायको तिकडचीच मराठी, मुलगी तिकडेच जन्मलेली. त्याने फोनवर सांगितले होते की तो आता कॅनडाचे नागरिकत्व घेतो आहे. ताईला वाटले होते, की त्यात काय एवढे, अजून एक कागद. मग कोणीतरी तिला सांगितले की तसे नव्हे, तिकडचा कागद घेतला की इकडचा जातो. कॅनडाची त्याला हरकत नाही. एक माणूस दोन देशांचा असला तरी त्यांचे चालते. भारताचे चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारताचे संपते.

"म्हणजे माझा मुलगा परदेशी होणार," ताई म्हणाली. "त्याला इथे यायला परवानगी काढावी लागणार. स्वतःच्या घरी यायला!"

भाऊजींची अडचण वेगळीच होती. ते संगमेश्वरकडचे शेतकऱ्याचे पुत्र. शहापूरजवळ अर्धा एकर जमीन मुलाच्या नावावर घ्यायची आणि तिथे चार आंबे लावायचे असे त्यांनी मनात धरले होते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना जे कार्ड मिळते, त्यावर जन्मभर येता-जाता येते, राहता येते; पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भाऊजी त्या न लावलेल्या चार आंब्यांकडे पाहावे तसे खिडकीबाहेर पाहत बसले होते.

अशा घरात फुटबॉलचा विषय निघावा हे जरा विचित्रच. पण तो निघाला, आणि काढला ताईच्या नातवाने. ताईची मुलगी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तिचा हा तेरा वर्षांचा मुलगा. पाऊस पडत असेल तर चिखलात आणि नसेल तर धुळीत, पण सारखा चेंडूमागे असतो. त्याने जेवता जेवता जाहीर केले, "एक जपानी माणूस इंडियन झाला होता, माहितीये? इंडियाकडून खेळायला. मामा उलटं करतोय."

ताईने त्याच्या पानात भात वाढायचे थांबवून विचारले, "कोण रे हा?"

"अराता इझुमी."

मी म्हणालो, "त्याला मी पाहिलाय."

तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत माझ्याविषयी एकदम आदर दिसला. तो टिकवण्यासाठी मला पुढचे तीन दिवस तीच गोष्ट सांगावी लागली, आणि सांगता सांगता मलाच ती नव्याने कळत गेली.

मुंबईत फुटबॉलला वेड नाही, पण वेडे आहेत. कूपरेजच्या मैदानावर संध्याकाळी जमणारे आम्ही पंधरा-वीस म्हातारे त्यांपैकी. रोव्हर्स कप ही स्पर्धा याच मुंबईत १८९१ साली सुरू झाली आणि एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी बंद पडली. तिच्या आठवणी सांगत आम्ही समोर चाललेला सामना पाहत असू. २००७ ते २००९ या काळात महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघात मधल्या फळीला एक जपानी खेळाडू असे. २००८ चा ड्युरँड कप याच क्लबाने जिंकला. मधल्या फळीचा खेळाडू म्हणजे आपल्याकडच्या लग्नातल्या नवरीच्या काकासारखा. बोहल्यावर तो नसतो, पंगतीला शेवटी बसतो, पण कोणाला काय कमी पडले हे त्यालाच ठाऊक असते. गोल करणाऱ्याचे नाव सकाळी वर्तमानपत्रात येते, गोल अडवणाऱ्याचेही येते, आणि ज्याने पन्नास वेळा पळत जाऊन चेंडू या पायाकडून त्या पायाकडे पोहोचवला त्याचे नाव संघाच्या यादीत तेवढे येते. आम्ही त्याला नुसते "जपानी" म्हणत असू. तो अर्धा आपल्याकडचा आहे हे आमच्यापैकी फारच थोड्यांना माहीत होते.

अराता इझुमीचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. होन्शू या मोठ्या बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला हे बंदर आहे. १८९५ साली चीन आणि जपान यांच्यात तह झाला तो याच गावी. आई जपानी, वडील गुजराती. घरचे भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. लहानपणापासून तो जपानी शाळांत, जपानी मैदानांवर वाढला. तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये त्याला जागा मिळाली नाही. तिकडे फुटबॉल खेळणारी मुले किती आणि जागा किती, याचा विचार केला तर यात कमीपणा काही नाही. तो सिंगापूरला आल्बिरेक्स निगाता या क्लबाकडून खेळला. जपानी क्लबाने परक्या देशात उभा केलेला हा जपानी मुलांचाच संघ. तिथून २००६ साली तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या क्लबाला आपले घर मानले, त्या क्लबात हा शिमोनोसेकीचा मुलगा येऊन पडावा, हा योगायोग मला फार आवडतो. मग मुंबई. आणि २००९ पासून पुणे.

पुण्याला त्याचे खरे बस्तान बसले. पुणे एफसी हा क्लब २००७ साली निघाला होता. बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे सामने होत. पुण्याला फुटबॉल आवडतो की नाही यावर पुणेकरांत अर्थातच दोन मते होती, पण मैदानावर येणारे येत असत. डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली २०१२-१३ च्या मोसमात हा संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. पहिला आला गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंतची, म्हणजे खेळाडूची भर उमेदीची वर्षे इझुमीने पुण्यात घालवली. आणि याच वर्षांत त्याने ती गोष्ट केली, जिच्यामुळे आसनगावच्या एका जेवणघरात त्याचे नाव निघाले. त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि भारताचे घेतले.

"पण का?" ताईने विचारले. हा प्रश्न तिने मला विचारला की टोरोंटोला, ते मला नीटसे कळले नाही.

याची उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही सांगितली पाहिजेत. पहिले उत्तर व्यवहाराचे. क्लबाच्या संघात परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते. जपानी पारपत्रावर खेळणारा इझुमी त्या मोजदादीत येई. भारतीय पारपत्रावर तो येणार नव्हता. म्हणजे क्लबाला एक जागा मोकळी होत होती आणि खेळाडूला पुढची काही वर्षे काम मिळण्याची खात्री वाढत होती. यात वाईट काय आहे? परळहून आसनगावला आलेल्या एकाही कुटुंबाने डोंगराच्या देखाव्यासाठी स्थलांतर केलेले नाही.

दुसरे उत्तर असे की त्याला भारताकडून खेळायचे होते आणि त्याला दुसरी वाट नव्हती. २००८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याने ठरवून टाकले होते, की देशाकडून खेळायचे तर भारतीय पारपत्र हवे. भारतीय वंशाचे कार्ड दाखवून चालणार नाही. मायकेल चोप्रा हा इंग्लंडमध्ये वाढलेला, न्यूकॅसलकडून खेळलेला, भारतीय वंशाच्या पित्याचा मुलगा. त्याच्याबद्दलही याच काळात पुष्कळ बोलले गेले, पण ब्रिटिश पारपत्र सोडल्याशिवाय ते जमण्यासारखे नव्हते आणि ते जमले नाही. इझुमीने जे सोडले ते तर जगातल्या सर्वांत वजनदार पारपत्रांपैकी एक. ते खिशात असले की बहुतेक देशांची दारे आपोआप उघडतात. आपले पारपत्र घेऊन परदेशी वकिलातीसमोर पहाटे उभे राहिलेल्यांना हा फरक सांगायला नको. शिवाय जपानचा कायदाही आपल्यासारखाच कडक. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की जपानचे जाते. म्हणजे ज्या शिमोनोसेकीत तो जन्मला, जिथे त्याचे बालपण गेले, तिथे जायचे तर आता त्याला व्हिसा लागणार.

हे ऐकल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या आईला काय वाटलं असेल रे?"

इझुमीच्या कारकिर्दीवर मी जे काही वाचले, त्यात हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही.

जपानला मात्र हा प्रकार नवा नव्हता, फक्त उलट्या दिशेचा होता. रूई रामोस नावाचा एक ब्राझीलचा दाढीवाला, कुरळ्या केसांचा खेळाडू तरुणपणीच जपानमध्ये खेळायला आला. तोही मधल्या फळीचा. १९८९ साली तो जपानी नागरिक झाला आणि पुढल्या वर्षापासून जपानकडून खेळू लागला. १९९२ साली हिरोशिमाला जपानने आशियाई कप पहिल्यांदा जिंकला, तेव्हा रामोस त्या संघात होता. २८ ऑक्टोबर १९९३ ला दोहा येथे इराकने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि विश्वचषकाची जपानची संधी हुकली. त्या संध्याकाळी मैदानावर जपानसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांत रिओ द जनेरोचा हा माणूसही होता. इझुमी तेव्हा अकरा वर्षांचा होता. जपानमधल्या बाकी सगळ्या फुटबॉलवेड्या पोरांप्रमाणे त्यानेही तो सामना पाहिला असेल असे मी धरून चालतो.

आता नातवाला ज्यात रस होता तो भाग. इझुमी भारताकडून खेळला तो २०१३ साली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. प्रशिक्षक होते हॉलंडचे विम कोव्हरमान्स. मोठे पारपत्र सोडून माणूस आला आणि त्याच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडला तर तो थोडा चटका लावणाराच आहे. भारतीय फुटबॉलचे ते वर्ष चांगले नव्हते. मार्चमध्ये यांगूनला एएफसी चॅलेंज कपची पात्रता फेरी झाली; तैवान आणि ग्वाम यांना हरवूनही म्यानमारकडून एका गोलाने हरल्यामुळे भारत बाहेर राहिला. सप्टेंबरमध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने आपल्याला २-० असे हरवले. इझुमीच्या वाट्याला देशाचे सामने मोजकेच आले. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे.

"बस? एवढेच?" नातू म्हणाला. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटत होते की देश सोडून आलेल्या माणसाने निदान विश्वचषक तरी जिंकून दिला असेल.

भाऊजी इतका वेळ वर्तमानपत्रामागे होते. तिथूनच म्हणाले, "एक सामना असला तरी तो आपल्याकडून खेळला ना?"

मला भाऊजींचे पटले. नातवाला पटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा ओसरला म्हणून मी आणि नातू माहुलीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. वर चढायचे माझे वय गेले आहे आणि श्रावणात त्या निसरड्या वाटेने चढू नये हे समजण्याचे त्याचे आलेले नाही. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची लावणी उरकलेली होती. आमच्या या मुंबईच्या बाळाने भात कसा लावतात ते पुस्तकात वाचले होते. इथे आल्यावर पाहिले. आधी एका तुकड्यात राब भाजायचा, त्यात दाट पेरणी करायची, रोपे वीतभर झाली की ती उपटून जुड्या बांधायच्या आणि दुसऱ्या खाचरात चिखलात एकेक करून रोवायची. उपटलेले रोप पहिले चार-सहा दिवस पिवळे पडते, मान टाकते. मग धरते. जिथे पेरले तिथेच ठेवले तर दाटीत त्याला कणीस धरत नाही, असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांला बांधावर उभे राहून सांगितले. सरकारी मराठीत परक्याला नागरिक करून घेण्याला 'देशीयकरण' असा शब्द आहे. त्या कायद्यात अटी आहेत, देशात इतकी वर्षे राहिलेले असावे, चारित्र्य चांगले असावे, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे. या अनुसूचीत मराठीही आहे. मान टाकायचे ते चार-सहा दिवस मात्र कायद्यात कुठे धरलेले नाहीत.

माहुली समोर दिसत होता. १६३६ साली याच गडावर शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा बालवारस जवळ घेऊन वेढा सोसला. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा खाली होत्या. शेवटी तह झाला, निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले. त्या काळात पारपत्रे नव्हती; चाकरी होती, आणि ती बदलली म्हणून राजांना कोणी परदेशी म्हटले नाही. शाळेत असताना मला हे नेहमी कोड्यासारखे वाटे. आज वाटत नाही.

परतताना नातवाने आणखी एक नाव काढले, आणि या नावाने मला चकित केले. रायन विल्यम्स. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ वगैरे क्लबांतून खेळून २०२३ साली तो बेंगळुरू एफसीकडे आला, आणि २०२५ साली ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचा झाला. हा मधल्या फळीच्या पुढे, कडेने धावणारा खेळाडू. २०१९ साली तो ऑस्ट्रेलियाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला होता, म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेची वेगळी परवानगी लागली. एकदा एका देशाचा सदरा अंगात घातला की दुसऱ्याचा घालण्याचे नियम फार कडक असतात. पण मला चकित केले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. म्हणजे आजोबा मुंबईचा सदरा घालून खेळले, कुटुंब समुद्रापार गेले, आणि नातू परत आला.

मी घरी येऊन हे ताईला सांगितले. खरे तर ताईला बरे वाटावे म्हणूनच सांगितले. ताईने मनातल्या मनात हिशेब केला. टोरोंटोची नात आता पाच वर्षांची. तिचे लग्न, मग तिची मुले. "म्हणजे मी तेव्हा एकशेवीस वर्षांची असेन," ती म्हणाली आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली. पण हसली. घरात आल्यापासून मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

इझुमीचे पुढे काय झाले, हे राहिले. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो पुण्याच्याच नव्या संघात होता. २०१५ ला कोलकात्याकडे, २०१७ ला केरळकडे. पुणे एफसी तोपर्यंत गुंडाळला गेला होता; महिंद्र युनायटेड तर २०१० सालीच बंद पडला. ज्या क्लबांसाठी तो इथे थांबला ते एकेक करून नाहीसे झाले. कूपरेजवरचे आमचे म्हाताऱ्यांचे मंडळही आता निम्म्यावर आले आहे. तो मात्र इथेच राहिला. खेळ थांबल्यावर परत न जाता त्याने नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्या मुलांचे संघ घडवले. खेळाडू म्हणून भारताने त्याला जे दिले नाही, किंवा त्याने भारताला जे दिले नाही, ते कदाचित असे फेडले जात असेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर त्याच्या त्या मोजक्या सामन्यांपेक्षा घणसोलीच्या मैदानावरच्या संध्याकाळी त्याच्या भारतीय असण्याचा जास्त भक्कम पुरावा आहेत.

माझा मुक्काम संपत आला तेव्हा इमारतीमागच्या माळावर एक मोठेच प्रकरण उभे राहिले. तिथे दर रविवारी सामना होतो: गाव विरुद्ध बिल्डिंग. गाव म्हणजे जुन्या घरांतली आणि जवळच्या पाड्यावरची पोरे. बिल्डिंग म्हणजे आमच्यासारख्यांची. गावाची पोरे अनवाणी खेळतात आणि बहुधा तीच जिंकतात. त्यांच्या मधल्या फळीचा एक मुलगा शिक्षणासाठी नाशिकला आश्रमशाळेत गेला होता आणि त्यांची एक जागा रिकामी पडली होती. त्यांनी ती जागा भरायला आमच्या नातवाला बोलावले.

तो जिन्यात बसून विचार करत होता. मी विचारले, काय झाले?

"आजोबा, त्यांचा नियम आहे. एकदा गावाकडून खेळलो की या पावसाळ्यात पुन्हा बिल्डिंगकडून नाही खेळता येणार."

"मग?"

"बिल्डिंगची पोरं बोलणार नाहीत माझ्याशी."

"आणि गावाची?"

"ती मला चेंडू देतात," तो म्हणाला. "आपली देत नाहीत. सगळ्यांना गोल मारायचा असतो."

रविवारी पाऊस होता आणि मी छत्री घेऊन माळाच्या कडेला उभा राहिलो. आमचा मुलगा गावाच्या बाजूला होता, अनवाणी. पहिल्या दहा मिनिटांत बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून त्याच्या नावाने बऱ्याच हाका आल्या आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या. तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाड्यावरच्या एका काळ्यासावळ्या, काटकुळ्या पोराने त्याला हाताला धरून उठवले आणि त्याच्या पाठीवर चिखलाचा पंजा उमटला.

संध्याकाळी ताईने त्याला दाराबाहेरच उभे करून बादलीभर पाण्याने पाय धुवायला लावले. तेवढ्यात टोरोंटोहून फोन आला. तिकडे सकाळ होती. ताईने फोन तसाच त्या चिखलाने माखलेल्या ध्यानासमोर धरला. मामाने तिकडून विचारले, "जिंकलात का रे?"

"हो. दोन-एक."

"बिल्डिंग जिंकली?"

"गाव. मी गावाकडून होतो."

पलीकडे जरा शांतता झाली. मग मामा म्हणाला, "आणि गोल कोणी मारले? तू?"

"नाही," तो पायाचा चिखल खरवडत म्हणाला. "मी दिले."